रिठ्याचं पाणी, बोअरचं पाणी

आमच्या न्हाणीतल्या नळाच्या तोंडाशी पांढरा खर जमतो. दोन-तीन महिन्यांत धार वाकडी पडायला लागते, मग जुन्या सुरीने तो खरवडून काढायचा. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी तोच थर, बादलीच्या काठाला तोच, आणि काळ्या कपड्यांवर राखाडी झाक आणणाराही तोच. यावल तालुक्यात ज्यांच्या घरी बोअरचं पाणी येतं त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. पण जे पातेल्याच्या बुडाशी बसतं ते रोज सकाळ-संध्याकाळ तोंडावरही बसत असेल, हे मला बरीच वर्षं सुचलंच नव्हतं.

सुचलं ते एका एप्रिलमध्ये. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेलेला, केळीच्या बागांवरून येणारा वाराही दुपारी भाजून काढणारा. तोंड धुतलं की गाल ताणल्यासारखे व्हायचे, नाकाच्या दोन्ही कडांना पापुद्रे, आणि घाम आला की तिथेच चुरचुर. साबण बदलला. मग कडुनिंब-तुळशीचं चित्र असलेला हिरवा साबण आणला. फरक काही पडेना. शेवटी भाचीने जळगावहून एक बाटली पाठवली: वनस्पतीजन्य, सौम्य फेसवॉश. ‘मावशी, हे लावून बघ’ म्हणाली. लावून बघण्याआधी मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या होत्या. सौम्य म्हणजे नेमकं काय, आणि ते वनस्पतीमुळेच सौम्य असतं का?

सुरुवात पाण्यापासून केली. दोन सारख्या काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी आणि दुसरीत इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींत अंघोळीच्या साबणाचा नखाएवढा कीस टाकला आणि मोजून वीस वेळा हलवलं. डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीत वरपर्यंत दाट फेस आला. नळाच्या पाण्यात सुरुवातीला फेस आलाच नाही. पाणी दुधाळ झालं आणि थोड्या वेळाने त्यात नासलेल्या दुधासारख्या बारीक गुठळ्या तरंगायला लागल्या. बोटावर घेतल्या तर चिकट, मेणचट. तेच बोट बादलीच्या आतल्या काठावरून फिरवलं, तर तिथलाही थर तसाच लागला.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ असा फार नेमका शब्द होता. ज्यात फेस यायला त्रास होतो ते, म्हणजेच कठीण किंवा जड पाणी. साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लाचा सोडियमशी झालेला क्षार. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असलं, की मेदाम्ल सोडियमला सोडून त्यांना धरतं आणि कॅल्शियमचा साबण तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही. त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या कपड्यावर, बादलीवर, केसांवर, कातडीवर जिथे जागा मिळेल तिथे बसतात. जड पाण्यात साबणही जास्त लागतो, कारण त्याचा पहिला हिस्सा मळ काढण्याऐवजी पाण्यातला चुना पकडण्यातच संपतो.

आपल्याकडे पाणी असं का, हे जमिनीकडे पाहिलं की कळतं. चोपडा, यावल, रावेर हा पट्टा सातपुड्याच्या कुशीत आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षं दगडगोटे, वाळू आणि माती पायथ्याशी आणून टाकली. भूगर्भाचे अभ्यासक या पट्ट्याला बझाडा म्हणतात. त्याच्या दक्षिणेला तापीपर्यंत गाळाची काळी जमीन आहे, जिच्यावर आपली केळी उभी आहे. या गाळात चुनखडीचे खडे जागोजाग सापडतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, मुरताना चुना विरघळवतं आणि खोल जाऊन थांबतं. विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले, आणि आपण ते जुनं, चुन्याशी मुरलेलं पाणी वर ओढायला लागलो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ही मर्यादा पिण्यासाठी आहे. तोंड धुताना काय व्हावं याचा विचार त्यात नाही.

तो विचार इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी केला. त्यांचा २०१८ साली छापून आलेला अभ्यास असं सांगतो, की कठीण पाण्याने धुतल्यावर साफ करणाऱ्या रसायनाचा जास्त अंश कातडीवर शिल्लक राहतो आणि त्यामुळे कातडी जास्त चिडते. ज्यांना आधीच इसबाचा त्रास आहे त्यांना हे जास्त जाणवतं. म्हणजे यावलमध्ये तोंड धुण्याचा प्रश्न अर्धा तरी पाण्याचा आहे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर टेकलेलं आहे.

आता कातडीकडे. आपण जिला कातडी म्हणून हात लावतो तो सर्वांत बाहेरचा थर फार पातळ असतो, साध्या कागदाच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढा. त्यात चपट्या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या सांध्यांत स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. विटा केराटिन नावाच्या प्रथिनाच्या. आतलं पाणी आत ठेवायचं आणि बाहेरची धूळ, जंतू, रसायनं बाहेर ठेवायची, हे या भिंतीचं काम. तिच्यावर घाम आणि तेल यांचा एक आंबूस लेप असतो. १९२८ साली शाडे आणि मार्खियोनिनी या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याला ‘आम्ल-आवरण’ म्हटलं. त्याचा सामू, म्हणजे पीएच, पाचच्या आसपास असतो. साबणाचा नऊ ते दहा. आकडे जवळजवळचे वाटतात, पण सामूच्या पट्टीवर एक अंक म्हणजे दहापट. पाच ते दहा म्हणजे लाखपट. निरोगी कातडी काही तासांत परत आपल्या जागेवर येते, पण दिवसातून तीन-चारदा साबण लागत असेल तर तिला तेवढी सवड मिळत नाही. भिंतीचा गिलावा थोडा विरघळतो, विटा फुगतात, आणि पाणी सुकलं की त्या आकसतात. धुतल्यानंतर गाल ताणतात ते यामुळे. पुष्कळ जण त्या ताणालाच स्वच्छतेची खूण समजतात. मीही समजत होते.

आणि तो हिरवा साबण? त्यात कडुनिंब असेल, तुळस असेल, हळदही असेल. पण तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून तो बनला असेल तर तो साबणच, आणि सामू नऊ-दहाच राहणार. तुळशीच्या अर्काने तो बदलत नाही. जड पाण्यात त्याच्याही गुठळ्या होणारच. बाटलीत टाकून पाहिला, झाल्या.

मग तिसरी बाटली घेतली, रिठ्याच्या पाण्याची. चार रिठे फोडून, आतली काळी बी काढून, टरफलं पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवली. सकाळी मंद आचेवर पाच मिनिटं उकळून फडक्याने गाळली. पाणी चहासारखं तांबूस, वास थोडा आंबूस आणि उग्र. त्यातलं चमचाभर नळाच्या पाण्यात घालून तसंच वीस वेळा हलवलं. फेस आला, बारीक बुडबुड्यांचा, बराच वेळ टिकणारा. आणि खाली पाणी नितळ राहिलं. गुठळी एकही नाही.

रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात, अगदी भरपूर, वाळलेल्या टरफलाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक तेलाला धरणारं, दुसऱ्या टोकाला साखरेच्या कड्या, त्या पाण्याला धरणाऱ्या. असे पुष्कळ रेणू मिळून तेलाच्या थेंबाभोवती गोल कडं करतात, तेलकट टोकं आत आणि साखरेची टोकं बाहेर, आणि मळ पाण्याबरोबर वाहून जातो. साबणही असंच काम करतो. पण रिठ्याचं पाणी अल्कधर्मी नसतं, कातडीसारखंच आंबूस असतं, आणि कॅल्शियम भेटला म्हणून त्याचा साका बसत नाही. शिकेकाईचंही तेच. रिठ्याच्या झाडाचं शास्त्रीय नाव सॅपिंडस. लॅटिनमधल्या ‘भारतीय साबण’ या अर्थाच्या शब्दांवरून ते पडलं. बाहेरून आलेल्यांना या फळाची ओळख पटली ती अशी.

आमच्या घरी रिठा अंगाला कमी आणि लुगड्यांना जास्त लागायचा. आजीचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: ‘शालूले साबन नको लावू.’ पैठणी, शालू, लोकरीची शाल धुवायची तर रिठ्याच्या पाण्यात, सावलीत, न पिळता. जळगावच्या सराफ्यात अजूनही दागिने रिठ्याच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने साफ करून देतात. लहानपणी मला हे रीतभात वाटायचं. आता त्यामागचं कारण कळतं. रेशीम प्रथिनाचं, लोकर प्रथिनाची, केस प्रथिनाचे, आणि कातडीचा वरचा थरही प्रथिनाचाच. अल्कधर्मी पाण्यात प्रथिनाचे धागे फुगतात, खरबरीत होतात, चमक जाते. सुती धोतराला सोडा चालतो, कारण सूत प्रथिनाचं नाही. जिने शालूला साबण लागू दिला नाही तिला सामू हा शब्द माहीत नव्हता, पण कोणत्या कापडाला काय सोसतं हे तिला पक्कं माहीत होतं. शालू जपणारे आपण, स्वतःच्या गालांना मात्र सोड्याचं पाणी लावत राहिलो.

खानदेशात रिठ्याला एक गरीब भाऊही आहे, हिंगणबेट. कोरडवाहू रानात, बांधावर, नाल्याच्या काठाला उभं असणारं हे काटेरी झाड, खजुराएवढ्या फळांचं. गर चिकट, आत दगडासारखी आठळी. या गरातही सॅपोनिन असतं आणि रेशीम धुवायला तो वापरत आले आहेत. संस्कृतातली इंगुदी म्हणजे हेच झाड. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुष्यंताला आश्रम जवळ आल्याचं ज्या खुणांवरून कळतं, त्यांत इंगुदीची फळं फोडून तेलकट झालेले दगड आहेत. सातपुड्यापलीकडे इंदूरजवळच्या गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी याच फळाच्या पोकळ कवटीत दारू भरून दोन गट एकमेकांवर फेकतात, ते हिंगोट युद्ध. एकच फळ: गराने रेशीम धुवा, तेल दिव्याला घाला, कवटी पेटवून फेका. आमच्याकडे बांध रुंद करताना ही झाडं पहिली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

पण रिठ्याचं कौतुक करताना मी एक चूक केली, ती सांगायलाच हवी. पहिल्या दिवशी तो तांबूस काढा तसाच, न पातळ करता, तोंडाला लावला. गालांना काही झालं नाही. पण एक ओघळ डोळ्यात गेला आणि डोळा असा झोंबला, की दहा मिनिटं नळाखालून हलता आलं नाही. संध्याकाळपर्यंत लाल होता. सॅपोनिनचं हे दुसरं रूप. तेलाला धरणारं त्याचं टोक पेशीच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉललाही धरतं आणि आवरण फाडतं. गालावर मृत पेशींची भिंत असते म्हणून निभावतं. डोळ्यावर तशी भिंत नाही. आदिवासी भागांत सॅपोनिन असलेली फळं, साली कुटून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे पकडायचे, ही जुनी रीत आहे. ती याच गुणावर चालते, फक्त तिथे माशांच्या कल्ल्यांवर. केस रिठ्याने धुताना आपल्या आया ‘डोळे घट्ट मिट’ म्हणायच्या ते उगीच नव्हे. चेहऱ्याला वापरायचा तर काढ्याच्या चौपट पाणी घालावं, डोळ्यांभोवतीचा भाग सोडावा, आणि मूल लहान असेल तर रिठा त्याच्या तोंडाला लावूच नये.

‘वनस्पतीजन्य’ या शब्दाकडे इथे थोडं थांबून पाहू. ही पाटी काही आजची नाही. १९१८ च्या सुमारास अर्देशिर गोदरेज यांनी जनावराच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, तेव्हा स्वदेशीच्या आणि शाकाहारी घरांच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट होती. तिथे प्रश्न चरबी कोणाची, हा होता आणि पाटीने त्याचं खरं उत्तर दिलं. आज तीच पाटी ‘सौम्य’ या अर्थाने वाचली जाते. तो अर्थ तिच्यात नाही.

आपल्या तालुक्यातलीच दोन उदाहरणं देते. केळीचं खोड वाळवून जाळलं की राहणाऱ्या राखेत पोटॅशियमचा क्षार भरपूर असतो. आसामात त्याच राखेचं पाणी गाळून ‘कोलाखार’ करतात आणि स्वयंपाकात वापरतात. राखेच्या पाण्याने कपडे धुण्याची चाल तर देशभर होती. केळीच्या खोडाहून जास्त वनस्पतीजन्य आणखी काय असणार? पण हे पाणी साबणाहूनही जास्त अल्कधर्मी, कातडी सोलवटून काढणारं. दुसरं उदाहरण बिब्ब्याचं. सातपुड्याच्या जंगलातलं शंभर टक्के नैसर्गिक फळ, ज्याच्या काळ्या तेलाने परीट कपड्यांवर खुणा करायचे. बिब्बा उतला की अंगावर काय होतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे कोणी पटवू शकणार नाही. लिंबाचंही तसंच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्यातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून कातडीवर भाजल्यासारखे डाग उठवतात. मे महिन्यात यावलच्या उन्हात तोंडाला लिंबू चोळायचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका.

उलट बाजूनेही पाहावं. ज्या सोडियम लॉरिल सल्फेटच्या नावाने सगळे बोटं मोडतात, तेही बहुतेक वेळा खोबरेल नाहीतर पामतेलापासूनच बनतं. नारळापासून बनलेलं म्हणून लेबलवर वनस्पतीजन्य लिहिलं तर ते खोटं ठरणार नाही, आणि तरी ते कातडीला चांगलंच कडक असतं. भाचीने पाठवलेल्या बाटलीत मात्र डेसिल ग्लुकोसाइड होतं. हेही खोबरेलाच्या घराण्यातलं, पण त्याला साखरेचं टोक जोडलेलं. साखरेच्या टोकाला विद्युतभार नसतो, त्यामुळे कॅल्शियमशी त्याचं भांडण होत नाही. १८९३ साली एमिल फिशर यांनी साखर आणि अल्कोहोल जोडून अशा प्रकारचे रेणू प्रयोगशाळेत बनवले. त्यांचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन १९९० च्या दशकात सुरू झालं. रिठ्याने झाडावर जी युक्ती केली, तेलकट शेपूट आणि साखरेचं डोकं, तीच ही. रेणू लहान, पण कल्पना एकच. फेस कमी येतो आणि त्यामुळे बाटली लवकर संपते, कारण फेस आल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. फेस म्हणजे सफाई नव्हे हे बोटांना शिकवायला मला आठवडा लागला.

आणि सौम्य म्हणजे सर्वांना सौम्य, असंही धरून चालू नये. अमेरिकेतली संपर्कजन्य त्वचाविकारांचा अभ्यास करणारी संस्था दरवर्षी एका द्रव्याला ‘वर्षाचं ॲलर्जिकारक’ म्हणून जाहीर करते. २००४ साली तो मान कोकॅमिडोप्रोपिल बीटेनला गेला, जे सौम्य शाम्पूंत सर्रास असतं, आणि २०१७ साली अल्किल ग्लुकोसाइडांना, म्हणजे थेट या बाटलीतल्या कुटुंबाला. अशी ॲलर्जी थोड्यांनाच होते. पण त्या थोड्यांत आपण आहोत का, हे लेबल सांगू शकत नाही.

लेबल एवढंच सांगतं: आपल्याकडच्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि त्याखालचे कोणत्याही क्रमाने. म्हणजे पाणी पहिलं, मग सफाईचं द्रव्य, आणि ज्या केशराचं नाहीतर कमळाचं चित्र पुढे असतं ते यादीच्या शेवटी, सुगंधाच्या शेजारी. बाटली उलटून दुसरा-तिसरा घटक वाचायचा. तिथे काय आहे त्यावर बाकी सगळं ठरतं.

करून पाहायची रीत अशी ठेवली. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा ठरवून तिथे रोज दोनदा थोडं लावलं, मिनिटाने धुतलं, असं आठवडाभर. कातडीवर पदार्थ लावून प्रतिक्रिया पाहण्याची ही कल्पना १८९५ च्या सुमारास योसेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने रूढ केली. दवाखान्यात होणारी पॅच टेस्ट तिचंच रूप. लाली, खाज, पुरळ काही आलं नाही, तेव्हा चेहऱ्याकडे वळले. डाव्या गालाला बाटलीतलं फेसवॉश, उजव्या गालाला नेहमीचा साबण. बाकी सगळं तेच: तेच पाणी, तोच पंचा, तेच खोबरेल, दुपारची तीच ओढणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. मुदत चार आठवड्यांची, कारण कातडीचा वरचा थर साधारण तेवढ्या काळात नवा होतो. दोन दिवसांत तोंड उजळल्याचं कोणी सांगितलं तर ते तोंड ओलं असणार.

अर्धं तोंड धुणं अवघड असतं. साबणाचा ओघळ नाकावरून पलीकडे जातो. मी शेवटी ओल्या कापसाने एकेक बाजू पुसून घ्यायला लागले. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: ताण किती वेळ राहिला, पापुद्रा दिसला का, घामाने झोंबलं का. पहिल्या आठवड्यात दोन्ही गाल सारखे. दुसऱ्याच्या शेवटी डावीकडचा ताण पाच-सात मिनिटांत जायला लागला, उजवीकडे तो अर्ध्या तासापर्यंत रेंगाळायचा. नाकाच्या डाव्या कडेचा पापुद्रा गेला.

तिसऱ्या आठवड्यात, ठरलेली मुदत संपण्याआधीच, मी पाणी बदललं. रात्री पाणी उकळून, झाकून निवू दिलं आणि सकाळी वरचं नितळ पाणी ओतून घेतलं. पाणी उकळलं की त्यातल्या चुन्याचा बराचसा भाग खाली बसतो. पातेल्याला धरतो तो खर हाच. शेवटची खळखळ या पाण्याने, दोन्ही गालांना. आणि साबणाचा उजवा गालही सुधारला. डाव्याइतका नाही, पण निम्मा रस्ता तरी त्याने गाठला. बाटलीची किंमत पाहता हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांना फेसवॉश परवडत नाही त्यांनी दोन तांबे उकळलेलं पाणी शेवटच्या धुण्यासाठी ठेवलं तरी निम्मं काम होतं. एका माणसाच्या दोन गालांवरून नियम सांगता येत नाही, हे मला कळतं. पण बाटल्यांमधल्या गुठळ्या आणि गालांवरचा ताण एकच गोष्ट सांगत होते.

चौथ्या आठवड्यात फेसवॉश बाजूला ठेवून बेसन घेतलं, कारण घरोघरी तेच असतं. हरभऱ्याच्या डाळीत थोडं सॅपोनिन असतं, पण बेसनाचं मुख्य काम शोषण्याचं आहे. त्यातलं पिष्ट आणि प्रथिन चेहऱ्यावरचं तेल टिपून घेतं. मसूरही तसंच. नडतं ते दळण आणि चोळणं. घरच्या चक्कीवरचं भरड पीठ हे बारीक वाळूसारखं असतं आणि सणासारखं रगडून लावलं तर गाल काळवंडतात. पीठ वस्त्रगाळ करावं, हातावर पातळ कालवावं, लेप वाळू न देता ओल्या हाताने फिरवून धुवावं. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद अशी किती तरी द्रव्यं असतात. वर्षातून चार दिवस तेल लावून मग ते लावणं वेगळं. तेलाने भिंत आधीच झाकलेली असते. रोज कोरड्या तोंडाला उटणं घासणं हा त्या रिवाजाचा अर्थ नव्हे.

घरी केलेल्या ओल्या गोष्टींबद्दल एक सूचना द्यायलाच हवी. रिठ्याचा काढा एप्रिलच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबला आणि तिसऱ्या दिवशी त्यावर साय धरली. पाणी आणि वनस्पतीचा रस एकत्र आले की जंतूंना मेजवानी. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ ही पाण्यासारख्या पातळ पदार्थाच्या बाटलीवरची फुशारकी मला तेव्हापासून चांगली वाटत नाही. बचत गटाच्या स्टॉलवरून घ्यायचं तर कोरडी पूड घ्यावी, आणि रोज लागेल तेवढीच भिजवावी.

आणि ज्यांना काहीही लावलं की आग होते, अगदी नुसत्या पाण्यानेही, त्यांनी फेसवॉश बदलत बसू नये. गोरं करण्याच्या नावाखाली दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कित्येक मलमांत स्टिरॉइड असतं. महिनोन्महिने ते लावलं की कातडीची भिंतच पातळ होते. मग दोष साबणाला जातो आणि मलम चालूच राहतं. अशा चेहऱ्याला त्वचारोगतज्ज्ञ हवा. मलम एकदम तोडायचं की हळूहळू, हेही त्यांनाच ठरवू द्यावं.

जूनमध्ये मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला. पत्र्यावरची धूळ वाहून जाऊ दिली आणि मग पन्हाळीखाली बादली लावली. पहाटे त्या पाण्याने तोंड धुतलं, मुद्दाम त्या जुन्या हिरव्या साबणाने. हातात एवढा फेस आला की धुवायला तीन ओंजळी जास्त लागल्या. बादली रिकामी केली तेव्हा तिच्या काठाला काहीच चिकटलेलं नव्हतं.